केशरी क्रोमाइड: एट्रोप्लस की स्यूडेट्रोप्लस? आणि टाकीतल्या पाण्याशी त्याचा संबंध

मानशीवाला

दुकानातल्या टाकीवर बऱ्याचदा चिठ्ठी दिसते: "ऑरेंज क्रोमाइड, सिक्लिड, पीएच 6.5". आत बोटभर लांबीचे केशरी मासे. चिठ्ठीतला सिक्लिड हा शब्द बरोबर, पीएचचा आकडा चुकीचा, आणि आकडा चुकतो तो त्या शब्दापायीच. सिक्लिड म्हटलं की डोळ्यांपुढे रॅम, एंजल, डिस्कस येतात, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातली मंडळी. हा मासा मात्र आपल्या बाजूचा: दक्षिण भारत आणि श्रीलंका, नद्यांचे खालचे टप्पे, खाड्या, किनाऱ्यालगतची तळी. गोड्या पाण्यात राहतो, निमखाऱ्यातही राहतो. केरळात त्याला पल्लत्ती म्हणतात. आपल्या ताटातल्या काळुंदराचा, म्हणजे केरळातल्या करीमीनचा, हा धाकटा भाऊबंद.

आधी नावाचा घोळ निस्तरू.

बर्लिनचे वैद्य मार्कुस एलिझर ब्लॉख यांनी 1795 साली त्याचं नाव कीटोडॉन मॅक्युलेटस असं ठेवलं. काळुंदराला त्यांनीच पाच वर्षं आधी, 1790 मध्ये, कीटोडॉन सुराटेन्सिस म्हटलं होतं. कीटोडॉन हा खरं तर प्रवाळांवर फिरणाऱ्या समुद्री फुलपाखरू माशांचा वंश. अंग बशीसारखं चपटं आणि तोंड लहान, एवढ्या भांडवलावर या दोघांची तिथे वर्णी लागली. पुढे 1830 मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी एट्रोप्लस हा वंश केला. ग्रीकमध्ये एट्रॉन म्हणजे ओटीपोट, होप्लॉन म्हणजे हत्यार. हे ओटीपोटाचं हत्यार कुठलं, ते काळुंदर साफ करताना ज्याच्या अंगठ्यात काटा घुसला असेल त्याला सांगायला नको.

1862 मध्ये डच लष्करी डॉक्टर पीटर ब्लीकर यांनी मॅक्युलेटसला एट्रोप्लसमधून काढून स्यूडेट्रोप्लस, म्हणजे "खोटा एट्रोप्लस", असा वेगळा वंश दिला. पण ते नाव बराच काळ अडगळीत पडून राहिलं, सगळे एट्रोप्लस मॅक्युलेटसच लिहीत राहिले. अलीकडे ते झाडूनपुसून परत वापरात आलं आहे. म्हणून जुन्या पुस्तकात एक नाव आणि नव्या यादीत दुसरं. मासा एकच.

एक बारीक खूण सांगतो. नव्या नावापुढे "(ब्लॉख, 1795)" असं कंसात छापतात. कंस याचा अर्थ, जातीचं नाव ब्लॉखचं, पण त्याने ठेवलेला वंश आता बदललेला आहे. एट्रोप्लस कॅनारेन्सिस या तिसऱ्या भावाच्या नावापुढे मात्र "डे, 1877" असं कंसाविना येतं, कारण फ्रान्सिस डे यांनी त्याला एट्रोप्लसमध्ये ठेवलं आणि तो अजून तिथेच आहे. एखाद्या यादीत कंस उलटसुलट पडले असतील तर ती यादी उतरवून काढणाऱ्याने मूळ पाहिलेलं नाही, असं खुशाल समजावं.

(इथे वंश म्हणजे जीनस, जाती म्हणजे स्पीशीज. काही जण स्पीशीजला प्रजाती म्हणतात, त्यावरून इथे वाद नको.)

काटेमोज

उत्तम सुरुवात, बाब. वरचे मजले मी जोडतो.

सिक्लिडी या कुलाची आज चार उपकुलं धरतात. अमेरिकेतले सगळे सिक्लिनी. आफ्रिकेतले स्यूडोक्रेनिलॅब्रिनी, तिलापिया आणि मलावी तलावातले रंगीत मासे यातच येतात. मादागास्करचे टायकोक्रोमिनी. आणि चौथं एट्रोप्लिनी, ज्यात फक्त तीन वंश: आपल्याकडचे एट्रोप्लस आणि स्यूडेट्रोप्लस, आणि मादागास्करचा पॅरेट्रोप्लस. म्हणजे आपल्या केशरी क्रोमाइडचं एंजलफिशशी नातं अगदी दूरचं, आणि सख्खा चुलतभाऊ मादागास्करच्या नद्यांत.

गणही बदलला आहे. पूर्वी सिक्लिडांना पर्सिफॉर्मिस या भल्यामोठ्या गणात, लॅब्रॉइड गटात टाकत. तिथे त्यांचे शेजारी रॅस आणि डॅमसेल मासे. आधार काय, तर घशातल्या जबड्यांची सारखी रचना, खालची दोन हाडं जुळून एक झालेली. पुढे जनुकीय अभ्यासांतून दिसलं की ही रचना एकाहून जास्त वेळा स्वतंत्रपणे घडलेली आहे. सध्या सिक्लिफॉर्मिस हा वेगळा गण मानतात.

या उपकुलाची एक खासियत दुकानात दिसत नाही. यांच्या वाताशयाचा, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीचा, पुढचा भाग दोन फाट्यांनी थेट आतल्या कानापर्यंत पोचतो. त्यामुळे मॅक्युलेटसला ऐकू चांगलं येतं, बऱ्याच सिक्लिडांना ऐकू येत नाही इतक्या वरच्या स्वरापर्यंत. यातून काय घ्यायचं? एअर पंप टाकीच्याच लाकडी फळीवर ठेवू नका. भिंतीला वेगळा टांगा किंवा खाली दोन बोटं जाडीचा फोम घाला. आणि काचेवर टिचक्या मारणाऱ्या पाहुण्यांना आवरा.

रापणकार

वर्गीकरण ठीक, पण ओळखायचं कसं? खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतल्या, पोंयमध्ये (तळ्यात) जाळं टाकलं की दोन इंचांची चपटी पिल्लं एकत्रच येतात. त्यात काळुंदराची पिल्लं, तिलापियाची पिल्लं, कधी हाही. रंगावर जावं तर पकडल्यावर घाबरून सगळेच फिके पडतात. शिवाय दुकानातला केशरी रंग मत्स्यपालकांनी जोपासलेला. मूळचा मासा पिवळसर-हिरवट, कुशीवर काळा डाग आणि ठिपक्यांच्या ओळी.

काटेमोज

रंगावर कधीच जायचं नाही. काटे मोजायचे. माझं नाव उगाच नाही.

पहिली पायरी तिलापिया वेगळा काढणं. 1952 साली भारतात आणलेला मोझांबिक तिलापिया, त्याच्या गुदपरात, म्हणजे पोटाखालच्या मागच्या पराच्या पुढच्या कडेला, फक्त 3 कडक काटे असतात. अमेरिकन आणि आफ्रिकन सिक्लिडांत बहुतेकांचं असंच, तीन किंवा थोडे जास्त. क्रोमाइडांत 12 किंवा त्याहून अधिक. हेच ते ओटीपोटाचं हत्यार. यात गफलत व्हायला जागाच नाही, चश्मा नसला तरी चालतं.

दुसरी पायरी काळुंदर की मॅक्युलेटस. गुदपरातले कडक काटे इथे कामाचे नाहीत: काळुंदरात 12–13, मॅक्युलेटसमध्ये 12–15, आकडे एकमेकांत घुसतात. मोजायचे ते मागचे मऊ अर, म्हणजे पराच्या मागच्या भागातल्या लवचिक काड्या. पृष्ठपरात, म्हणजे पाठीवरच्या परात, मॅक्युलेटसचे मऊ अर 8–10, काळुंदराचे 14–15. गुदपरात मॅक्युलेटसचे 8–9, काळुंदराचे 11–12. मध्ये रिकामी जागा आहे, म्हणून निकाल स्वच्छ लागतो. शिवाय काळुंदराच्या छातीच्या पराच्या बुडाशी काळा डाग असतो, पण पिल्लात तो पुसट असू शकतो, त्यावर एकट्यावर विसंबू नका.

मोजायचं कसं ते नीट सांगतो, कारण चुका इथेच होतात. पारदर्शक, सपाट बाजूंचा प्लास्टिकचा डबा घ्या, रुंदी जेमतेम माशाच्या जाडीच्या दुप्पट. त्यात त्याच टाकीतलं पाणी. मासा जाळीने न उचलता वाटीने पाण्यासकट डब्यात सोडा. जाळीत काटे अडकले की पर फाटतो आणि मोजणी संपली. डब्यामागे पांढरा कागद, कागदामागे मोबाइलची बॅटरी. पर उघडा असताना फोटो काढा, पाच-सहा काढा, मासा डब्यात दोन मिनिटांपेक्षा जास्त नको. मोजणी फोटोवर, मोठं करून. कडक काटा अखंड, टोकदार, एकसंध काळी रेघ दिसतो. मऊ अर आडव्या बारीक रेघांनी तुकड्यातुकड्यांचा दिसतो आणि टोकाला फाटे फुटलेले असतात. शेवटचे दोन अर एकाच बुडातून निघालेले असतात, ते एक धरायचे. ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो आणि मग "नऊ की दहा" यावर भांडण.

मानशीवाला

या आकड्यांतूनच ब्लीकरचं म्हणणं कळतं. 14 आणि 9 हा फरक एका वंशातल्या दोन जातींत असू नये असं नाही, पण डोळ्यात भरण्याइतका आहे. त्यात भर आकाराची: काळुंदर 40 सेंटीमीटरपर्यंत वाढू शकतो, मॅक्युलेटस 8 सेंटीमीटरच्या आसपास थांबतो. माझं मत विचाराल तर एकाच जातीसाठी वेगळा वंश ठेवणं ही सोय आहे, सत्य नव्हे; वंशाची रेघ माणूस ओढतो. पण ओढलेली रेघ पाळावी, निदान माशाची देवघेव करताना तरी, नाहीतर दोन नावांनी एकच मासा दोनदा विकत घेतला जातो.

उगम

भारत आणि मादागास्कर जोडलेले होते, ते साधारण 8.8 कोटी वर्षांपूर्वी सुटे झाले, त्याबरोबर हे मासेही विभागले गेले, हा सरळ हिशेब आहे ना? मग "मादागास्करचा चुलतभाऊ" यात नवल काय?

काटेमोज

हिशेब सरळ आहे, म्हणूनच जपून. जीवाश्म त्याला साथ देत नाहीत. सिक्लिडांचे सर्वांत जुने खात्रीचे जीवाश्म टांझानियातल्या माहेंगे इथले, सुमारे 4.6 कोटी वर्षांपूर्वीचे. खंड सुटल्यापासून तिथपर्यंत चार कोटी वर्षांची पोकळी. 2013 मध्ये फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी जीवाश्म आणि जनुकीय पुरावा एकत्र करून सिक्लिडांचा उगमच साधारण 6.5 कोटी वर्षांपूर्वीचा काढला, म्हणजे खंड सुटून गेल्यावर. तसं असेल तर यांच्या पूर्वजांनी समुद्र ओलांडला. दुसरी बाजू म्हणते, जीवाश्म सापडले नाहीत म्हणजे मासे नव्हतेच असं नाही. वाद मिटलेला नाही.

पण एक पाहा: एट्रोप्लिनी मंडळींत खारं पाणी सोसणारे बरेच आहेत. काळुंदर तर आपल्या खाजनात मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारातून भरतीबरोबर आतबाहेर करतो. समुद्र ओलांडण्याची कल्पना डिस्कसच्या बाबतीत हास्यास्पद वाटेल, यांच्या बाबतीत तितकी वाटत नाही. आणि इथूनच आपण टाकीतल्या पाण्यावर येतो. जांभाबाब, तुमची वेळ.

जांभा

आलो. गोव्यात हा मासा मरतो तो बहुतेक वेळा पाण्याने, रोगाने नव्हे. रोग मागून येतो.

जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी मऊ असतं आणि आम्लाकडे झुकलेलं, पीएच सहाच्या आसपास किंवा खालीसुद्धा. पावसाळ्यात तर ते जवळजवळ पावसाचंच पाणी. नळाचं पाणीही मऊच, फक्त क्लोरीनसह. अशा पाण्यात रॅम खूश, क्रोमाइड नाखूश: पर मिटलेले, रंग मळका, मग परांच्या कडांवर कापसासारखी बुरशी. दुकानदार निळं औषध देतो, बुरशी जाते, दहा दिवसांत परत येते, कारण पाणी तेच.

हवं ते असं: पीएच 7.2 ते 8, तापमान 25 ते 28 अंश, कार्बोनेट कठिणता (केएच) निदान 5 अंश. केएच आधी मोजा, पीएच नंतर. केएच शून्याजवळ असताना पीएच कितीही वर न्या, दोन दिवसांत घसरतो, कारण फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल तयार करत राहतात आणि ते शोषून घ्यायला पाण्यात काही नसतं.

केएच वाढवायला खाण्याचा सोडा. 100 लिटर खऱ्या पाण्यात 3 ग्रॅम सोडा टाकला की केएच सुमारे 1 अंश वाढतो. 1 वरून 5 वर न्यायचं तर 12 ग्रॅम, पण चार दिवसांत वाटून, रोज 3 ग्रॅम, मगभर पाण्यात विरघळवून फिल्टरच्या प्रवाहात. आणि त्याआधी अमोनिया तपासा. हे विसरू नका. अमोनियाचं विषारी रूप पीएचवर ठरतं: 28 अंशांना पीएच 7 असताना एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहून कमी विषारी, पीएच 8 असताना सहा-सात टक्के. टाकीत अमोनिया साठलेला, पीएच कमी म्हणून मासे तग धरून, आणि वरून तुम्ही सोडा टाकलात की रात्रीत सगळे पृष्ठभागावर. दोष सोड्याला मिळतो. आधी दोन दिवस पाव-पाव पाणी बदला, अमोनिया शून्यावर आणा, मग सोडा.

कायमची सोय म्हणजे शिंपल्या. तिसऱ्या किंवा खुब्यांच्या टरफलांना गोव्यात तोटा नाही. मांसाचा कण न ठेवता उकळा, उन्हात कडक वाळवा, हातोडीने हरभऱ्याएवढे तुकडे करा, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये पाणी वाहतं तिथे ठेवा. 100 लिटरला दोन मुठी. पाणी आम्लाकडे गेलं की टरफल विरघळतं, पीएच वर गेला की विरघळणं थांबतं, त्यामुळे जास्त होण्याची भीती नाही. दोन-तीन महिन्यांत तुकड्यांवर चिकट थर बसतो आणि काम थांबतं. बादलीत खळखळून धुवा.

रापणकार

आणि मीठ? काही जण म्हणतात मिठाशिवाय हा जगतच नाही.

जांभा

जगतो. केएच ठीक असेल तर बिनमिठाच्या पाण्यात आयुष्य काढतो. मीठ टाकल्याने बुरशी आटोक्यात राहते, विशेषतः अंड्यांच्या वेळी, एवढाच फायदा. लिटरला 2–3 ग्रॅम पुरे. निमखारी टाकी हवीच असेल तर लिटरला 7 ग्रॅमपर्यंत, म्हणजे समुद्राच्या पाचव्या हिश्शाइतकं, विशिष्ट घनता सुमारे 1.005. त्यापुढे नेण्यात काही अर्थ नाही.

तीन गोष्टींत लोक चुकतात. एक, मिठागराचं खडेमीठ आणि समुद्री टाकीसाठी मिळणारं मिश्रण एकच समजतात. मिठागराचं मीठ जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइड. त्याने खारटपणा येतो, केएच येत नाही. बुरशीपुरतं ते चालेल, पण आयोडीनयुक्त, गुठळ्या न होण्यासाठी काही मिसळलेलं पाकीट नको. 7 ग्रॅमची निमखारी टाकी करायची तर समुद्री मिश्रणच. दोन, लिटर मोजताना काचेची मापं गुणून मोकळे होतात. 100 × 40 × 45 सेंटीमीटरची टाकी कागदावर 180 लिटर. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की पाणी 150च्या आत. भरताना बादल्या मोजा. तीन, बाष्पीभवनाने पाणी उतरलं की वर मीठपाणी घालतात. उडून जातं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं. भर साध्या पाण्याने घालायची, मीठ फक्त बदललेल्या पाण्यापुरतं.

रोज लिटरला 1 ग्रॅमपेक्षा जास्त वाढवू नका. मासे सोसतील, फिल्टरमधले जिवाणू सोसणार नाहीत, आणि मग परत अमोनिया.

शिनाणी

पाण्यावर जांभाबाबांनी सगळं सांगितलंय, मी विणीवर येते.

नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत, म्हणून "जोडी द्या" म्हणून दुकानात मागू नका. लहान सहा घ्या, 150 लिटरमध्ये एकत्र वाढवा. दोघंच ठेवले आणि जुळलं नाही तर एक दुसऱ्याला कोपऱ्यात दाबून मारतो. सहा असले की दांडगाई वाटली जाते. जोडी जुळली की दोघं एक सपाट दगड किंवा मडक्याचा तुकडा निवडून चावून चावून साफ करतात, बाकीच्यांना टाकीच्या एका टोकाला हाकलतात. तेव्हा बाकीचे चार हलवा, जोडीला नको. हलवलेली जोडी नव्या टाकीत फुटते.

दगड उभा किंवा तिरका लावा. अंडी दोनशे-तीनशे, प्रत्येक अंडं बारीक देठाने चिकटलेलं. घालायच्या एक-दोन दिवस आधी दोघांच्या पोटाखाली छोटी नळी दिसते, मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. ओळख पटते ती तेव्हाच. आईबाप दोघंही राखण करतात आणि परांनी वारा घालतात. पांढरी पडलेली अंडी ते स्वतः वेचून खातात, तुम्ही हात घालू नका. सगळीच अंडी दुसऱ्या दिवशी पांढरी झाली तर एक तर नर कच्चा, नाहीतर दोन्ही माद्या. दोन माद्याही जोडी करून अंडी घालतात, त्यात काही गूढ नाही.

तापमानाप्रमाणे तीन ते पाच दिवसांत पिल्लं निघतात. आईबाप त्यांना तोंडाने उचलून वाळूत केलेल्या खळग्यात ठेवतात, म्हणून तळाशी बारीक वाळू हवी; खडबडीत खडीत पिल्लं फटींत हरवतात. आणखी पाच-सात दिवसांनी ती पोहू लागतात.

आता या माशाची खरी मौज. पिल्लं आईबापांच्या अंगावर धडकून त्यांच्या त्वचेवरचा चिकट स्राव टिपून खातात. डिस्कसमध्ये हे सगळ्यांना माहीत असतं, यांच्यातही आहे. काचेजवळ डोळा नेऊन पाहा: आई कडेने स्थिर उभी, पिल्लांचा पुंजका कुशीवर, एखादं टुचकन आदळतं आणि मागे फिरतं. विणीच्या काळात आईबापांचं पोट आणि पोटाखालचे पर काळे पडतात. धोका वाटला की ते काळे पर झपझप उघडमीट करतात आणि पुंजका आत ओढला जातो. नेमकी हीच हालचाल आजारपणातली थरथर समजून औषध टाकलं जातं आणि पिल्लं जातात. बाकी सगळं ठीक असेल तर औषधाची बाटली लांब ठेवा.

नुसत्या स्रावावर भागत नाही. पहिल्या दिवसापासून आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची, ताजी पिल्लं द्या. एक लिटर पाण्यात 25–30 ग्रॅम मीठ, चिमूटभर सोडा, 1 ते 2 ग्रॅम अंडी, 28 अंश, वरून दिवा, तळापासून जोरात हवा. चोवीस तासांत निघतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा: टरफलं वर तरंगतात, नारिंगी पिल्लं खाली बसतात. नळीने खालची ओढा, बारीक कापडातून गाळा, गोड्या पाण्याने विसळा. टरफलं आत गेली तर माशाच्या पिल्लांचं पोट अडतं. दिवसाला तीन वेळा, पोटं नारिंगी दिसतील इतकंच. जास्त दिलं की उरलेलं मरून सडतं.

आणि पावसाळ्यात वीज जाते हे धरूनच चाला. बॅटरीवरचा एअर पंप आणि स्पंज फिल्टर. बंद पडलेला डबा-फिल्टर चार तासांनी परत सुरू केला तर आत कुजलेलं पाणी टाकीत येतं. आधी काढून विसळा, मग जोडा. विसळायचं ते टाकीच्याच पाण्यात. नळाच्या पाण्यातला क्लोरीन जिवाणू मारतो.

उगम

काळुंदराबरोबर ठेवावा का? मॅक्युलेटस त्याच्या अंगावरचे परजीवी टिपतो, असं वाचलंय.

काटेमोज

ते खरं. 1972 मध्ये वायमन आणि वॉर्ड यांनी ही सफाई नोंदवली: लहान मॅक्युलेटस पुढे, काळुंदर पर पसरून उभा. पण नाण्याची दुसरी बाजू अशी की हेच महाशय संधी मिळाली की काळुंदराची अंडी आणि पिल्लंही फस्त करतात. टाकीत दोघांना सोडायचं तर निदान पाचशे-सहाशे लिटर, आणि काळुंदराची वीण नको असेल तरच. गोड्या पाण्याच्या टाकीत सोबतीला मोठ्या बार्ब बऱ्या. गप्पी आणि लहान कोळंबी खाल्ली जाते. तिलापिया कधीच नको.

रापणकार

एक विनंती माझीही. कंटाळा आला म्हणून केशरी मासे विहिरीत, पोंयमध्ये, मानशीच्या तोंडाशी सोडू नका. "आपलाच मासा आहे, सोडला तर काय बिघडलं" हे ऐकू येतं. जात आपली असली तरी हा रंग मुद्दाम निवडून वाढवलेल्या वाणाचा, आणि दुकानातल्या टाक्यांतले परजीवी त्याच्यासोबत जातात. उलट बाजूने, अभयारण्यातल्या ओहोळांतून मासे उचलून आणणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. बोंडला असो की नेत्रावळी, एक पिल्लूसुद्धा नाही. कॅनारेन्सिस कुठे मिळेल असंही विचारू नका. तो दक्षिण कर्नाटकातल्या मोजक्या नद्यांपुरता उरलेला आणि धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे.

उगम

काटेमोजबाब, तुमच्या पद्धतीने डब्यात घालून फोटो काढले. मासा 4 सेंटीमीटर, दुकानातली चिठ्ठी "गोल्डन तिलापिया". गुदपर: कडक 13, मऊ 9. पृष्ठपर: कडक 18, मऊ 10. शेवटचे दोन वेगळे मोजलेत. टाकीचं पाणी पीएच 6.4, केएच 1, अमोनिया 0.5.

काटेमोज

मग गुदपर 13 आणि 8, पृष्ठपर 18 आणि 9. स्यूडेट्रोप्लस मॅक्युलेटस, शंकाच नाही. तिलापिया असता तर गुदपरात तुम्ही तीनवरच थांबला असतात.

जांभा

सोडा आज टाकू नका. अमोनिया 0.5 आहे. आज पाव पाणी बदला, परवा पुन्हा पाव, दोन दिवस खाणं बंद. बदलायचं पाणी नळाचं असेल तर 100 लिटरला 1 ग्रॅम हायपो (क्लोरीन घालवणारा सोडियम थायोसल्फेट) पुरून उरतो. अमोनिया शून्य दिसला की पहिला 3 ग्रॅमचा हप्ता. तुमची टाकी किती लिटरची ते लिहिलं नाहीत. 60 लिटर असेल तर 3 नव्हे, 1.8 ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या चमच्याने नको, सोनाराकडे असतो तसला छोटा काटा घ्या.